फुआतिनोने लिहिलं ते

फुआतिनोकडे माझं पहिल्यांदा लक्ष गेलं ते तिने न दिलेल्या एका उत्तरामुळे. मी तेव्हा जिल्ह्याच्या शाळेत सातवीला भूगोल शिकवत होते. फळ्यावर आमच्या सवाई बेटाचा नकाशा काढून मी विचारलं, "वारा असा इकडून येतो. मग पाऊस डोंगराच्या कुठल्या अंगाला जास्त?" वर्ग नेहमीसारखा चिडीचूप. मी एकेकाचं नाव घेत गेले. एकेक पोर उठून उभं राहिलं, जमिनीकडे बघत राहिलं आणि खाली बसलं. फुआतिनोची पाळी आली तेव्हा तिने जमिनीकडे न बघता सगळ्या वर्गावरून नजर फिरवली.

"बाई, सात-आठ जणांना येतंय. कुणी सांगणार नाही."

"आणि तुला?"

"येतंय."

"मग सांग की."

"तोलेआच्या नातवाला आधी विचारा. त्याच्या आधी मी कसं सांगू?"

वर्ग हसला. तोलेआचा नातू सगळ्यांत मोठ्याने हसला, कारण त्याला उत्तर येत नव्हतं. तोलेआ म्हणजे आमच्या फांगानिउ गावचे सगळ्यांत मोठे पदवीधारक; ही पदवी शिक्षणाची नव्हे, घराण्याच्या प्रमुखाला मिळणारी मानाची. पंचांच्या बैठकीत पुढच्या खांबाला टेकून बसणारे. त्यांच्या आधी कुणी कावा, आमचं मुळ्यांचं मानाचं पेय, पीत नाही, आणि त्यांच्या नातवाच्या आधी कुणी उत्तर देत नाही, हे मला ठाऊक होतं. पण एका बारा वर्षांच्या मुलीने ते असं सहज, हवेचा अंदाज सांगावा तसं सांगितलं, तेव्हा ती माझ्या लक्षात राहिली.

लांब हाडाची मुलगी. पाय मोठे, त्यामुळे चपला कायम तुटलेल्या. हसताना तोंडावर हात धरायची. बाप ऑकलंडच्या कारखान्यात गेला तो तिकडेच वारला. आई लिटिया चटया विणायची आणि दिवसभर बोलायची. लिटियाला दम्याचा त्रास होता, पण त्याने तिच्या बोलण्यात खंड पडला नाही. श्वास घ्यायला थांबायची आणि तिथूनच वाक्य पुढे न्यायची.

फुआतिनो शिष्यवृत्तीवर न्यूझीलंडला गेली, परत आली, राजधानीत, आपियात, शिक्षकांना शिकवण्याची नोकरी धरली आणि नोकरी करता करता न्यूझीलंडच्याच एका विद्यापीठाच्या डॉक्टरेटसाठी अभ्यास सुरू केला. विषय होता आमच्या शाळा. आता आमच्या शाळांवर अभ्यास करायला बाहेरून माणसं येतच असतात. दर चार-पाच वर्षांनी एखादा गोरा साहेब टोपी घालून येतो, मागच्या बाकावर बसतो, नारळपाणी पितो आणि परत जाऊन लिहितो की इथली मुलं स्वभावाने लाजरी आहेत. आमची मुलं नदीवर कशी ओरडतात ते त्याने ऐकलेलं नसतं.

फुआतिनोला हेच लिहायचं होतं. एकदा माझ्या ओट्यावर बसून तिने मला सगळं समजावून सांगितलं होतं. "बाई, मूल गप्प बसतं ते येत नाही म्हणून नाही. उत्तर चुकलं तर ते एकटं चुकत नाही, त्याचं घर चुकतं. बरोबर आलं तर ते कुणाच्या तरी पुढे जातं. आणि मार बसला तर सांगायचं कुणाला? शाळेची बाई मोठ्या घरची सून. तपासनीस तिचा मावसभाऊ. पाद्रीबाबा दोघांकडे जेवतात. मोठ्या देशात तक्रार वर जाते. आपल्याकडे ती गोल फिरून आपल्याच दारात येते."

"मग हे लिहून काय होणार?" मी विचारलं.

"कुणीतरी आतल्याने लिहिलं पाहिजे ना."

तिने चार गावांतल्या मुलांशी बोलून ते लिहिलं. डॉक्टरेट मिळाली. गावाने डुकरं कापली. तिचे मामा माऊगा त्यांच्या घरचे पदवीधारक. त्यांनी भाषण केलं आणि भाषणात ते स्वतःच शिकल्यासारखे बोलले. आम्ही सगळे खूश होतो.

त्यानंतर काही महिन्यांनी आपियात शिक्षणावर एक मोठी सभा झाली. त्या सभेची हकिकत सकाळच्या बातम्यांनंतर रेडिओवर सांगत होते. मी नीरफणस निखाऱ्यांवर उलटा करत होते, आमचे हे कोको पीत बसले होते. निवेदिका गोड आवाजात म्हणाली की आता आपण एका नव्या अभ्यासातला थोडा भाग ऐकू या, आणि तिने वाचायला सुरुवात केली.

"किनाऱ्यावरच्या एका गावातली ही मुलगी नऊ वर्षांची आहे. आजोबांकडे राहते. डावखुरी आहे. ती सांगते: डाव्या हाताने लिहिलं की बाई खराट्याने बोटांवर मारतात. मोठ्या घरच्या मुलांना मारत नाहीत. मला उत्तर येतं, पण मी हात वर करत नाही, कारण वर जातो तो माझा डावाच हात असतो."

आमच्या ह्यांनी कप खाली ठेवला. "एतुआलेची नात," ते म्हणाले.

शेजारच्या घरातला रेडिओ बंद झाला. मग त्याच्या पलीकडचा. आमच्या घरांना भिंती नाहीत, खांबांमधून सगळं दिसतं, सगळं ऐकू येतं. गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत रेडिओ बंद होत गेले आणि शेवटी फक्त आमचाच चालू राहिला. मी उठून तो बंद केला.

एतुआले हा म्हातारा मासेमार. नातवंडं झाली तरी त्याला पदवी मिळाली नव्हती. त्याचं घर पिढ्यान्‌पिढ्या तोलेआच्या घराची सेवा करत आलेलं. मुलगी आणि जावई ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेलेले, नात इयानेता त्याच्याकडे. आणि रेडिओवर जिच्याबद्दल बोलत होते ती शाळेची बाई म्हणजे तालोसांगा, तोलेआची धाकटी सून. गावात एकच शाळा, शाळेत एकच डावखुरी मुलगी. नाव झाकलं होतं आणि पत्ता उघडा होता.

पंचांची बैठक झाली. फुआतिनोच्या घराला दंड झाला, एक गाभण डुक्कर आणि माशांच्या डब्यांची खोकी. माऊगांनी तो त्याच संध्याकाळी, मान खाली घालून भरला. एतुआलेच्या घराला काहीच झालं नाही. त्याचं नावच कुणी घेतलं नाही. पुढच्या बैठकीत कावा ढवळायला त्याला हाक आली नाही. गावाचं मोठं जाळं पाण्यात गेलं तेव्हा त्याच्या दारावरून सगळे गेले, पण त्याला कुणी "चल रे" म्हटलं नाही. म्हाताऱ्याला कळायचं ते कळलं. त्याने नातीचे दोन कपडे गाठोड्यात बांधले आणि तिला डोंगरातल्या मळ्यावर तिच्या मावशीकडे नेऊन ठेवलं. तिथून शाळेत यायची सोय नाही. ती मावशी स्वतः कधी शाळेत गेली नव्हती, आणि त्यात तिला काही वावगंही वाटत नव्हतं.

शनिवारच्या बोटीने फुआतिनो आली. आईकडे जाण्याआधी माझ्याकडे आली. चपला काढल्या आणि खांबाला पाठ लावून बसली.

"बाई, मी नाव बदललं होतं. गावाचं नाव नव्हतं, शाळेचं नव्हतं."

"डावखुरी लिहिलंस."

"ते लिहिलं नसतं तर मार कशाबद्दल ते कळलंच नसतं."

"आजोबांकडे राहते, तेही लिहिलंस."

"तेही लागत होतं." तिने कपाळ गुडघ्यांवर टेकवलं. "तिकडे शिकवतात तसं केलं मी. नाव काढायचं, गाव काढायचं, माणूस लपतो."

"तिकडे लपत असेल. तिकडे माणसं पुष्कळ आहेत गं."

तिने डोकं वर केलं. मग म्हणाली, "मी तिला वचन दिलं होतं, बाई. ती विचारत होती, कुणाला सांगणार नाहीस ना? मी म्हटलं, कुणालाही कळणार नाही. किती पटकन म्हटलं मी ते. मला दुसरं काही नको. दंड होऊ दे, शिव्या होऊ दे. ती पोर शाळेत परत बसली पाहिजे."

रविवारी प्रार्थना झाल्यावर आम्ही दोघी तालोसांगाकडे गेलो. ती ओट्यावर पंख्याने वारा घेत बसली होती. अंगाने भरलेली, आवाज भारदस्त, आणि खरं सांगायचं तर बाई म्हणून वाईट नव्हती. पहिलीपासून चौथीपर्यंतची सगळी पोरं एका खोलीत घेऊन बसायची आणि त्यातली बहुतेक वाचायला शिकून बाहेर पडायची.

"या, डॉक्टरीणबाई," ती म्हणाली. "गावाला कुठं दुखतंय ते सापडलं का?"

"तालोसांगा, मी भांडायला आले नाही."

"भांड की. रेडिओवर भांडलीस तशी. तिथं मला उत्तर देता येत नव्हतं."

"इयानेताला परत घे."

"मी घालवलीय तिला? जा, शाळेत जाऊन बघ. तिची जागा रिकामी आहे, दुसऱ्या कुणाला बसू दिलेलं नाही मी तिथं." तिचा पंखा थांबला. "पहिलीपासून ती पोर माझ्यासमोर बसली. तिला वाचायला कुणी शिकवलं? मी. तू आलीस, बिस्किटांचा पुडा फोडलास, एक दुपार बसलीस, आणि तिचं मन तुला कळलं."

"मारलंस ना, पण?"

"मारलं. मला मारलं, माझ्या आईला मारलं. डाव्या हाताने मोठ्या माणसाला वाटी देता येते का? उद्या लग्न होऊन कुणाच्या घरी गेली तर कुणाला मारतील, तिला की मला?"

"आणि तुझ्या दिराच्या पोरांना?"

तालोसांगाने पंखा मांडीवर ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग रस्त्याकडे. "त्यांना मारून मी कुठं राहू?" ती हळू आवाजात म्हणाली. मग पंखा पुन्हा जोरात सुरू झाला. "ती येऊन बसली तर सगळा वर्ग आधी तिच्याकडे बघणार आणि मग माझ्याकडे. खडू हातात धरून उभी कशी राहू मी? ते पुसून टाक आधी, मग तिला घेऊन ये."

"छापलेलं कसं पुसू?"

"ते तू बघ. शिकलेली तू आहेस."

परत येताना फुआतिनो म्हणाली, "तिचंही चुकत नाही, बाई. तेच तर लिहिलं होतं मी."

आमच्याकडे चूक झाली तर माफी मागायची एक रीत आहे. चुकलेल्या घराने पहाटे दुखावलेल्या घरापुढे जायचं आणि डोक्यावरून मानाची चटई ओढून बसायचं. ही चटई रेशमासारखी मऊ असते, ती विणायला वर्षं जातात. आतल्या माणसाने बाहेर येऊन चटई उचलली की माफी झाली. नाही उचलली तर बसून राहायचं, ऊन असो, पाऊस असो. या चटईखाली आमच्याकडे खूनसुद्धा मिटलेले आहेत.

माऊगांनी ठरवलं की सगळ्या घराने तोलेआंपुढे चटई घेऊन बसायचं. फुआतिनो नाही म्हणाली.

"तोलेआंचं मी काय बिघडवलंय? शब्द मोडला तो एतुआलेच्या नातीला दिलेला. बसायचं तर त्याच्या दारात बसू."

माऊगा आधी हसले. त्यांना वाटलं पोरगी शिणून काहीतरी बरळतेय. मग त्यांचा चेहरा बदलला. "एतुआले? त्याला पदवी नाही. मी, माऊगा, त्याच्या दारात डोक्यावर चटई घेऊन बसू? माझा बाप थडग्यातून उठेल!"

"मग मी एकटी बसते."

"एकटी कशी?" लिटिया कोपऱ्यातून म्हणाली. "चटई कुणाची आहे? माझी. मग मीपण येणार." ती चटई तिने स्वतःच्या मयतीसाठी विणली होती, पेटीत कापूर घालून ठेवली होती. श्वास घ्यायला थांबली आणि पुढे म्हणाली, "मला काय, केळीच्या पानात गुंडाळा. भट्टीत भाजायला निघालेल्या माशासारखी जाईन."

सोमवारी उजाडताना मायलेकी एतुआलेच्या घरापुढे बसल्या. त्याचं घर आमच्या समोरच, मधे फक्त गवताचं मैदान. मला सगळं दिसत होतं. चटई दोघींच्या डोक्यांवरून पसरलेली, खाली दोन उंचवटे, एक ताठ, एक वाकलेला. वाकलेला दम लागला की हलायचा.

एतुआले बाहेर आला. कमरेला जुना लावालावा गुंडाळलेला, हातात काहीच नाही. तो चटईपाशी आला आणि त्याने हात पुढे केला. तो हात तिथेच थांबला. त्याने मान वळवून तोलेआंच्या घराकडे बघितलं. मग हात मागे घेतला आणि त्या दोघींच्या समोर, उन्हातच, मांडी घालून बसला.

गाव बघत होतं. कुणी चूल पेटवली नाही. शाळेची घंटा झाली, पोरं रस्त्याने गेली आणि मान वळवून बघत गेली. ऊन वर आलं. मला राहवलं नाही, म्हणून मी मैदानाच्या कडेने जाऊन एतुआलेच्या घराच्या खांबाशी उभी राहिले.

"आजोबा, चटई उचला," खालून फुआतिनोचा आवाज आला. "आईला श्वास घेववत नाही."

"माझ्या हातात असतं तर पहाटेच उचलली असती, पोरी." म्हातारा रडत होता, पण आवाज साधा होता. "मी कोण? आमच्या दारात असं आजवर कुणी बसलेलं नाही. मी उचलली तर म्हणतील, एतुआले माफी द्यायला लागला. मग माझी पोर कायमची डोंगरातच राहील. तू तिकडे जाऊन बस. त्यांच्या दारात बस."

"तिकडे बसले तर माझा गुन्हा त्यांच्याशी झाला असं होईल. इयानेताचं नावच राहणार नाही त्यात."

"नसू दे गं. नाव नको तिला. शाळा हवी."

चटईखालचा वाकलेला उंचवटा पुन्हा हलला.

दुपारच्या सुमारास तोलेआंनी आमच्या ह्यांना बोलावून घेतलं. आमचे हे भाषण करणारे पदवीधारक. मोठ्यांचा निरोप पोचवणं हे त्यांचं काम, तो पटो न पटो. हातात काठी घेऊन ते मैदान ओलांडून आले. इतक्या वर्षांत मी त्यांना इतकं हळू चालताना पाहिलं नव्हतं.

"तोलेआंचा निरोप आहे," ते म्हणाले. "फुआतिनोने रविवारी चर्चमध्ये उभं राहून सांगावं की ते तिने मनचं लिहिलं. पोर तसं बोललीच नव्हती. मग पोरीवर डाग नाही, बाईंवर नाही, एतुआलेच्या घरावर नाही. एतुआलेने चटई उचलावी, तोलेआंची ना नाही."

"आणि माझ्या लेकीवर?" लिटिया चटईखालून म्हणाली.

आमचे हे काठीकडे बघत राहिले.

"इयानेता शाळेत बसेल?" फुआतिनोने विचारलं.

"बसेल."

"तिला मारणार नाहीत?"

"ते सांगायला मला सांगितलेलं नाही."

मी मनात म्हणत होते, नको म्हण. आणि लगेच म्हणत होते, हो म्हण. आजही मला कुणी विचारलं की तिने काय म्हणायला हवं होतं, तर मला सांगता येणार नाही.

"बरं," फुआतिनो म्हणाली.

एतुआलेने चटई उचलली. लिटियाचा चेहरा निळा पडला होता. आम्ही तिला सावलीत नेऊन पाणी पाजलं. पहिला घोट घशाखाली गेल्याबरोबर ती म्हणाली, "मेलं, असंच मरायचं होतं, तर लावालावा तरी नवा नेसून बसले असते."

रविवारी फुआतिनो पांढरे कपडे आणि पांढरी टोपी घालून आईशेजारी बसली. पाद्रीबाबांनी खूण केल्यावर उठली. "मी माझ्या अभ्यासात आपल्या गावच्या मुलीच्या तोंडी जे लिहिलं," ती म्हणाली, "ते ती बोलली नव्हती. ते मी मनाने लिहिलं. मला क्षमा करा." आवाज स्पष्ट होता. बोलायची सवय होती तिला.

त्या चर्चमध्ये एकही माणूस असा नव्हता ज्याला खरं काय ते ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी मान डोलावली. तालोसांगा भजनाच्या पुस्तकात बघत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. तोलेआंनी हात वर करून आशीर्वाद दिला. मागच्या बाकावर फुआतिनोची एक चुलत बहीण फोन वर धरून उभी होती, ऑकलंडच्या नातेवाइकांना दिसावं म्हणून.

ऑकलंडच्या नातेवाइकांनी ते त्यांच्या नातेवाइकांना दाखवलं. दहा दिवसांत विद्यापीठाला कळलं. त्यांनी तिला विचारलं, तुम्ही पुरावा बनवला हे खरं आहे का? तिच्याकडे पोरीच्या आवाजाची ध्वनिफीत होती. ती पाठवली असती तर सगळं मिटलं असतं. ती पाठवावी असं मीही तिला म्हटलं.

"पाठवली तर तिकडे कुणीतरी ऐकेल, कुणीतरी बोलेल," ती म्हणाली. "महिन्याभरात ते इथे येईल. मग ती पोर पुन्हा डोंगरात. दोन ठिकाणी दोन गोष्टी सांगायला देश मोठा लागतो, बाई."

तिने ध्वनिफीत पुसून टाकली आणि विद्यापीठाला काहीही कळवलं नाही. त्यांनी डॉक्टरेट काढून घेतली. आपियातली नोकरी गेली. खोटा पुरावा लिहिणाऱ्या बाईने शिक्षकांना शिकवू नये, असं वर्तमानपत्रात कुणीतरी लिहिलं. त्या माणसाला मी ओळखते, तो चांगला माणूस आहे. तिच्याबरोबर इतर तीन गावांतल्या मुलांचं बोलणंही खोटं ठरलं. शाळांतून खराटा काढून टाकायचा विषय कुठल्याशा समितीपुढे येणार होता, तो आला नाही.

चर्चमधल्या त्या रविवारनंतर दुसऱ्याच दिवशी इयानेता डोंगरातून खाली आली होती. आजोबांचा हात धरून, स्वच्छ गणवेशात, केसांना खोबरेल लावून. फुआतिनो रस्त्याच्या वळणावर उभी होती. मी तिच्याबरोबर होते. तिला फक्त पोरीला शाळेत जाताना बघायचं होतं.

पोर तिच्यासमोर येऊन थांबली.

"तू खोटं का सांगितलंस?"

"तुला शाळेत येता यावं म्हणून."

"पण मी तुला सांगितलं होतं. मीच सांगितलं होतं."

"हो, तूच."

"मग आता ते मी सांगितलेलं नाही?"

एतुआले तिचा हात ओढत होता. "चल गं, घंटा होईल." पोर हलेना. तिला उत्तर हवं होतं. फुआतिनो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसली. मी तिला सातवीपासून ओळखत होते, पण तिला येत नाही असा प्रश्न मी पहिल्यांदा पाहिला. पोरीने थोडा वेळ वाट बघितली. मग ती शाळेकडे चालू लागली आणि मागे वळून बघितलं नाही.

ती तिच्या रिकाम्या जागेवर बसली. तालोसांगाने तिला पुन्हा मारलं नाही, हे मला सांगितलं पाहिजे. खराटा तिने दारामागे ठेवून दिला, निदान तिच्यापुरता. पण पोर उजव्या हाताने लिहायला लागली, कुणी न सांगता. अक्षर वाकडं यायचं. विचारलं तर उठून उभी राहायची आणि जमिनीकडे बघायची. चौथीपर्यंत बसली. पाचवीला माझ्या जुन्या शाळेत नाव घातलं, पण पहिल्या सत्रातच ती मळ्यावर निघून गेली आणि परत आली नाही. एतुआलेने दोनदा आणायचा प्रयत्न केला. फुआतिनोही एकदा डोंगर चढून गेली. मावशी बाहेर आली आणि म्हणाली, "ती तारोचे कंद खणतेय. तिला भेटायचं नाही." फुआतिनो दुपारपर्यंत झोपडीबाहेर थांबली. पोर शेतातून आली, तिच्याकडे एकदा बघून आत गेली.

मी त्या दिवशी फुआतिनोला म्हटलं, "तू केलंस ते तिच्यासाठीच केलंस." तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोलले नाही. वर्गात वर्षानुवर्षं धीराचे शब्द वाटले आहेत मी, तेव्हा ते कुठे कामाचे आणि कुठे नाहीत, एवढं तरी मला कळतं.

तालोसांगा निवृत्त झाली. शाळेत आता कुठल्याशा दुसऱ्या गावची तरुण शिक्षिका आहे. तिच्या वर्गातली मुलंही गप्पच बसतात. मागच्या वर्षी पुन्हा एक अभ्यासक आला होता, गोरा, टोपीवाला. त्याने मला विचारलं, तुमच्या गावात पूर्वी कुणी असा अभ्यास केला होता का? आमचे हे माझ्याकडे बघत होते. मी त्याला कोको दिला आणि म्हटलं की नाही, कुणी नाही.

फुआतिनो आता सालेलोलोगाच्या धक्क्यावर बोटीची तिकिटं विकते. लिटिया तिच्याजवळच राहते, धक्क्यामागच्या एका भाड्याच्या खोलीत, आणि दिवसभर बोलते.